नवा विचार आणि सेवेचा हिशेब

(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजाची प्रगती नव्या कल्पनांमुळे कशी होते, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी विश्वस्त मंडळाची इच्छा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रोगनिदान हा माझा प्रांत नव्हे. जमाखर्च, ताळेबंद आणि वेळेवर पगार हा माझा प्रांत. म्हणून या विषयाकडे मी हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहणार आहे आणि ज्या कल्पनांचा हिशेब लागलेला आहे, अशाच कल्पनांविषयी बोलणार आहे.

'नवी कल्पना' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम नवे यंत्र येते. यंत्रांचे मोल मी कमी लेखत नाही. त्यांच्यावाचून आजचे रुग्णालय चालणार नाही. परंतु समाज पुढे नेणाऱ्या कल्पना पाहू लागलो तर असे आढळते की त्यांपैकी पुष्कळ कल्पनांत यंत्र नव्हतेच, किंवा असले तरी ते दुय्यम होते. त्या कल्पनांनी तीन साधे प्रश्न विचारले. हे काम कोणी करावे? ते कोठे करावे? आणि त्याचा पैसा कोठून यावा? या तीन प्रश्नांची परंपरेने चालत आलेली उत्तरे ज्यांनी बदलली, त्यांनी अल्प खर्चात फार मोठे काम उभे केले.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नाही. रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे मानणाऱ्या काळात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि विधवा व गरजू स्त्रियांसाठी परिचर्येचा मार्ग खुला झाला. रोग तेच होते, औषधेही तीच होती. 'हे काम कोणी करावे' या प्रश्नाचे उत्तर तेवढे बदलले. आज आमच्या प्रत्येक कक्षात रात्रपाळीला उभी असणारी परिचारिका त्या बदललेल्या उत्तराची वारसदार आहे.

आता मी चार उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो. चारही आरोग्यक्षेत्रातील आहेत, आणि चारही कल्पनांची कसोटी लागलेली आहे.

पहिले उदाहरण मीठ, साखर आणि पाणी यांचे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावण्यांत पटकीची साथ उसळली. त्या काळी पटकीवरचा खात्रीचा उपचार म्हणजे शिरेतून सलाईन देणे. त्यासाठी बाटल्या हव्या, सुया हव्या आणि शीर शोधू शकणारा प्रशिक्षित माणूस हवा. तेथे रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि सलाईनचा साठा संपत आला होता. कोलकात्याहून गेलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशा वेळी निर्णय घेतला की साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून ते पाणी रुग्णांना तोंडाने पाजावे. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. एका लिटरचा खर्च काही पैशांचा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्लुकोजच्या साहाय्याने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे ज्ञान त्यापूर्वीच झालेले होते. ढाका आणि कोलकाता येथे १९६० च्या दशकात रुग्णालयांतून त्याचे प्रयोगही झाले होते. परंतु ते प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, एकेका रुग्णाचे मोजमाप ठेवून झालेले होते. हा उपचार साध्या माणसांच्या हाती सोपवता येईल, यावर वैद्यकीय जगाचा विश्वास नव्हता. डॉ. महालनबीस यांनी ते पाणी पिंपांत भरून ठेवले आणि पाजण्याचे काम रुग्णाच्या आईवर, भावावर, शेजाऱ्यावर सोपवले. सुमारे आठ आठवड्यांत ३,७०० च्या आसपास रुग्णांवर उपचार झाले. प्रारंभी शंभरातील तीस रुग्ण दगावत होते, तेथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने या उपचारामागील शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या ठरू शकणाऱ्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. छावणीतील कामापासून या सन्मानापर्यंत अर्धशतक उलटले होते.

कल्पना सिद्ध झाली म्हणजे ती घरोघर पोहोचली, असे मात्र होत नाही. बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने, तिचे संस्थापक फजले हसन आबेद यांच्या नेतृत्वाखाली, १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरी जाऊन मातांना हे पाणी करण्यास शिकवले. खेड्यात तराजू कोठून आणणार? म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे माप ठरले. मला हिशेबनीस म्हणून सर्वांत भावली ती त्यांची वेतनपद्धती. शिकवणाऱ्या सेविकेचे मानधन ती किती घरी गेली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसराच तपासनीस काही निवडक घरी जाई, मातेला शिकवलेले मुद्दे आठवतात का हे विचारी, तिच्याकडून पाणी करवून घेई, आणि मातेला जितके आठवे त्या प्रमाणात सेविकेला मोबदला मिळे. हजेरीचा पगार आणि फळाचा पगार यांतील हा भेद आहे.

तरीही अडचण उरली होती. माता शिकत होत्या, पण मूल आजारी पडल्यावर त्यांतील थोड्याच हे पाणी देत होत्या. संस्थेने कारण शोधले तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. शिकवणाऱ्या सेवकांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता; आणि घरातील पुरुषांना या शिक्षणातून वगळल्यामुळे त्यांचा पाठिंबा नव्हता. मग सेवकांना त्यामागील शास्त्र समजावून देण्यात आले, आणि बाजारात, मशिदीत, शाळेत पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. त्यानंतर वापर वाढत गेला. आपल्या देशातही हे काम पूर्ण झालेले नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्के बालकांनाच क्षार-साखरेचे हे पाकीट मिळाले. उरलेल्यांसाठी नव्या शोधाची गरज नाही. जुना शोध त्यांच्या दारापर्यंत नेणाऱ्या माणसाची गरज आहे.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात आले. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतलेल्या या दोघांनी ठरवले असते तर एक उत्तम रुग्णालय बांधून ते थांबू शकले असते. त्यांच्या लक्षात आले की रुग्णालयात येणारे बहुतेक आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहावयास तयार नसत. राहिल्या तरी गावाला त्या परक्याच वाटत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला आरोग्याचे शिक्षण द्यावे, असा मार्ग निघाला. या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या आणि अनेक जणी गावाने शिवेबाहेर ठेवलेल्या समाजांतील होत्या.

निरक्षर स्त्री आरोग्य काय सांभाळणार, ही शंका त्या काळी सुशिक्षितांनीच अधिक घेतली. परंतु गरोदर स्त्रीने काय खावे, बाळाला लस केव्हा टोचावी, पाणी कसे राखावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, हे शिकण्यास अक्षरे लागतातच असे नाही. नेमाने शिकवणारा माणूस आणि शिकलेले पुनःपुन्हा उजळून घेण्याची सोय लागते. जामखेडला या आरोग्यसेविका दर आठवड्याला एकत्र येत, आपल्या गावातील जन्म, मृत्यू व आजार सांगत आणि नवे काही शिकून परत जात. १९७१ साली त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आलेला होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बंधुभगिनींनो, या आकड्यामागे औषधांपेक्षा मोठी अशी एक गोष्ट आहे. ज्या स्त्रीच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हाती गावाने आपले नवजात मूल दिले. आरोग्याच्या निमित्ताने माणसांमाणसांतील अंतर कमी झाले. समाजाची प्रगती म्हणतात ती हीच असावी, असे मला वाटते.

तिसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' या संस्थेच्या कामास प्रारंभ केला. नवजात बालके पहिल्या महिन्यातच मोठ्या संख्येने दगावत होती. तज्ज्ञांचे मत असे की अशा बालकाला रुग्णालयातच आणले पाहिजे. मत चुकीचे नव्हते. परंतु रुग्णालय दूर होते, पावसाळ्यात वाटा बंद होत होत्या आणि बाळंतिणीला घराबाहेर काढण्यास रीतिरिवाज आड येत होते. मूल रुग्णालयात येत नसेल तर उपचार मुलाच्या घरी जावा, हा विचार त्यातून निघाला. गावातील पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास मोजणे, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोषाची ठरावीक लक्षणे दिसल्यास, आईवडिलांच्या संमतीने, प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे सारे त्या शिकल्या.

या कामातील शिस्त विशेष आहे. ३९ गावांत ही सेवा देण्यात आली आणि ४७ गावांत ती न देता केवळ नोंदी ठेवण्यात आल्या. दोन्हीकडील प्रत्येक जन्ममृत्यू मोजला गेला. सेवा सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेतील गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. एका बाळामागे खर्च आला सुमारे ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आपल्या देशात 'आशा' सेविका आल्या, आणि २०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटी हे त्यांचे अधिकृत काम झाले. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास सहा आणि घरी झाली असल्यास सात भेटी, असा नियम ठरला. आज देशात सुमारे दहा लाख आशा सेविका आहेत. गडचिरोलीतील ३९ गावांत तपासून घेतलेली कल्पना देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचावयास एक तपाच्या आसपास काळ लागला. पण पोहोचली ती नोंदींच्या बळावर. भावनेने आपण एकदा मदत करतो. शासनाचे धोरण बदलावयाचे तर नीट ठेवलेल्या नोंदी लागतात.

चौथे उदाहरण पैशाचे आहे, आणि ते माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे तमिळनाडूतील शासकीय नेत्रतज्ज्ञ. तरुणपणीच संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. तरी त्यांनी खास उपकरणांच्या साहाय्याने शस्त्रक्रिया शिकून घेतली होती. निवृत्तीनंतर, वयाच्या ५८ व्या वर्षी, १९७६ मध्ये त्यांनी मदुराईला अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. मोतीबिंदूमुळे निष्कारण आलेले अंधत्व दूर करावयाचे, हे त्यांचे ध्येय. ध्येय मोठे, पण पैसा कोठून यावा?

त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, ज्याची ऐपत आहे तो शुल्क देईल आणि त्या उत्पन्नातून ज्याची ऐपत नाही त्याची शस्त्रक्रिया मोफत वा अत्यल्प दरात होईल. डॉक्टर मात्र दोन्हींसाठी तेच असतील. दुसरी, शल्यचिकित्सकाचा वेळ ही सर्वांत महाग वस्तू असल्याने, खेड्यांतील मुलींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शस्त्रक्रियेखेरीजची बहुतेक कामे त्यांच्याकडे सोपवली. एका मेजावरची शस्त्रक्रिया संपेपर्यंत शेजारच्या मेजावरचा रुग्ण तयार असतो. तिसरी, डोळ्यात बसवावयाचे कृत्रिम भिंग परदेशातून आणणे गरिबाला परवडत नव्हते, म्हणून १९९२ साली 'ऑरोलॅब' हा स्वतःचा कारखाना काढला आणि त्या भिंगाची किंमत पूर्वीच्या तुलनेत अगदी थोडी झाली. आज त्या संस्थेतील निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया मोफत किंवा सवलतीच्या दरात होतात.

या संस्थेला आरंभी आलेला एक अनुभव आपण सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. शस्त्रक्रिया मोफत असूनही गरीब रुग्ण येत नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की गाडीभाड्याला पैसे नाहीत, सोबतीला माणूस नाही, जेवणाची सोय नाही, आणि डोळा जाईल ही भीती आहे. तेव्हा गावातील शिबिरातूनच रुग्णाला गाडीने आणणे, जेऊ घालणे आणि परत पोहोचवणे असा क्रम सुरू झाला. देणाऱ्याच्या वहीत जे मोफत असते, ते घेणाऱ्याच्या वहीत मोफत असतेच असे नाही. त्याची एक दिवसाची मजुरी बुडते. ती रक्कम आमच्या कोणत्याच खात्यात दिसत नाही.

या चार उदाहरणांनी भारावून जाऊन सर्व काही सोपे आहे असे मी सांगितले, तर ते सत्याला धरून होणार नाही. दोन गोष्टींची मला धास्ती वाटते.

पहिली अशी की कमी खर्चाची कल्पना म्हणता म्हणता तो खर्च कोणा गरिबाच्या माथी मारला जातो. आशा सेविकांना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरविले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या नियमित वेतनावरील कर्मचारी गणल्या जात नाहीत. मानधन व कामानुसार मोबदला यांवर त्यांचा चरितार्थ चालतो, आणि तो वाढावा व वेळेवर मिळावा यासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागले आहे. ज्या योजनेचा ताळेबंद केवळ कष्टकरी स्त्रीच्या न मोजलेल्या श्रमांमुळे जुळतो, त्या योजनेचा हिशेब मी बरोबर मानणार नाही.

दुसरी गोष्ट अनुकरणाची. जामखेडची पद्धत कागदावर उतरवून घेणे सोपे आहे. दर आठवड्याला न चुकता शिकवत राहणे अवघड आहे. मदुराईचे शुल्कपत्रक आणता येते. मोफत आणि सशुल्क रुग्णाकडे सारख्याच आस्थेने पाहणारा डॉक्टर घडवावा लागतो. नवी कल्पना ही रोप लावण्यासारखी आहे. रोप लावण्याचा समारंभ एका सकाळी होतो, पाणी मात्र पुढची कित्येक वर्षे घालावे लागते.

आता आपल्या संस्थेकडे वळतो.

धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने काही कर्तव्ये आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. ही आपल्या कर्तव्याची खालची मर्यादा आहे. येथे उपस्थित नातेवाइकांना माझी विनंती आहे की या सवलतींची माहिती आमच्या समाजसेवा विभागात मोकळेपणाने विचारावी. ती मागण्यात कमीपणा नाही. तो आपला हक्क आहे.

परंतु कायदा रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोहोचतो. दाराबाहेर काय? बाळंतीण आणि तिचे बाळ तिसऱ्या दिवशी घरी जातात; त्यानंतरचे नाजूक दिवस आम्हाला दिसत नाहीत. मधुमेहाचा रुग्ण बरे वाटताच गोळ्या बंद करतो आणि पुढे पायाची जखम घेऊन परत येतो. आमच्या वहीत तो नवा दाखला असतो. त्याच्या घरात ते एका अपुऱ्या राहिलेल्या उपचाराचे फळ असते.

या वर्षी विश्वस्त मंडळापुढे दोन प्रस्ताव आहेत. एक नव्या सोनोग्राफी यंत्राचा. ते यंत्र आवश्यक आहे आणि त्यासाठी देणगीदार पुढे आले आहेत. त्यांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. दुसरा प्रस्ताव गृहभेट योजनेचा. तिच्यासाठी अद्याप कोणी पुढे आलेले नाही. याचे कारण मला ठाऊक आहे आणि त्यात देणगीदारांचा दोष नाही. यंत्र दिसते, त्याच्याजवळ नाव कोरता येते, पुढच्या पिढीला दाखवता येते. गृहभेटीला जाणाऱ्या सेविकेच्या मानधनाला नाव कोठे कोरणार? हिशेबाच्या भाषेत पहिला भांडवली खर्च आहे, दुसरा महसुली. पहिला ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभा राहतो. दुसरा वर्षअखेर खर्ची पडून नाहीसा होतो. आमच्या शास्त्राची ही मर्यादा आहे. यंत्रावर दरवर्षी घसारा काढावा लागतो. मातेला मिळालेले ज्ञान मात्र तिच्याकडून लेकीकडे, सुनेकडे जाते. त्यावर घसारा नाही. तरीही ताळेबंदात त्याला रकाना नाही.

योजना थोडक्यात अशी आहे. आसपासच्या काही गावांनी आपल्यातील एकेक स्त्री निवडावी. तिला आमच्या परिचारिका प्रथम शिक्षण देतील आणि पुढे दर आठवड्याला उजळणी घेतील. प्रसूत होऊन घरी गेलेली माता व बाळ, तसेच मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण यांच्या घरी ती ठरलेल्या दिवशी जाईल. शासनाची आशा सेविका जेथे हे काम करीत आहे, तेथे आमची सेविका तिच्या मदतीला राहील, तिच्या जागी नव्हे. तिला निश्चित मासिक मानधन मिळेल, आणि काही निवडक घरांच्या तपासणीत कुटुंबीयांना शिकवलेले आठवत असल्यास त्यावर अधिक मोबदला मिळेल. काही गावांत योजना आधी सुरू होईल, काहींत नंतर. दोन्हींकडील नोंदी ठेवल्या जातील. तीन वर्षांनी जे आकडे हाती येतील, ते बरे असोत वा निराशाजनक, याच वार्षिक अहवालात जसेच्या तसे छापले जातील. निराशाजनक आले तर योजना थांबवण्याची शिफारस मी स्वतः करीन.

रुग्णांच्या नातेवाइकांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. बनगावच्या छावणीत रुग्णांना वाचवले ते त्यांच्याच घरच्या माणसांनी. आपल्या रुग्णाला घरी नेण्यापूर्वी परिचारिकेकडून जखम कशी पुसावी, गोळी केव्हा द्यावी, कोणते लक्षण दिसताच धावत यावे, हे शिकून घ्या. समजले नाही तर पुन्हा विचारा. आमच्या सेवकवर्गालाही माझे सांगणे आहे की दोनदा विचारणारा नातेवाईक हा त्रास नसून आपला सहकारी आहे.

देणगीदारांना माझी नम्र विनंती अशी की गृहभेट योजनेसाठी एक स्वतंत्र कायम निधी उभारावा. मूळ रक्कम अबाधित राहील आणि तिच्या व्याजातून सेविकांचे मानधन व प्रशिक्षणाचा खर्च दरवर्षी भागेल. असे झाले तर ही योजना कोणा एका वर्षाच्या उत्साहावर किंवा कोणा एका व्यवस्थापकावर अवलंबून राहणार नाही. या निधीस रक्कम देणाऱ्यांची नावे भिंतीवर लागणार नाहीत. मात्र त्यांच्या देणगीतून किती घरी भेटी झाल्या आणि काय निष्पन्न झाले, याचा लेखी हिशेब प्रत्येकाला दरवर्षी घरपोच मिळेल. हिशेब देणे हे माझे काम आहे आणि ते मी चोख करीन, एवढी ग्वाही देतो.

विश्वस्त मंडळाने दोन्ही प्रस्तावांचा विचार पुढील बैठकीत करावयाचा ठरवले आहे. यंत्राची निवड करताना आपण तीन ठिकाणची दरपत्रके मागवतो, तज्ज्ञांचे मत घेतो, हमीची मुदत पाहतो. गृहभेट योजनेचीही तितक्याच कसोशीने तपासणी व्हावी, एवढीच मी प्रार्थना करतो.